लेकीच्या घरचं पाणी

तानूबाईचा राग भाकरीत उतरतो, हे सणसरमध्ये कुणालाही विचारा. ती ओरडत नाही, भांडी आदळत नाही. नुसती भाकरी थापते, आणि थापण्याचा आवाज चार घरं ओलांडून जातो. मग शेजारणी एकमेकींकडं बघून म्हणतात, "आज म्हस्कूआबाचं काय खरं न्हाय."

पण आता ती सणसरला नव्हती, आफ्रिकेत होती. केनियात किसुमू नावाचं शहर आहे, एका तळ्याच्या काठाला. तळं म्हणायचं आपलं, उजनीचं धरण त्याच्या एखाद्या कोपऱ्यात हरवून जाईल. त्या शहराच्या पार शेवटाला, घरं संपून ऊस सुरू होतो तिथं, अतियेनो नावाच्या बाईचं स्वस्तातलं गेस्टहाऊस होतं. पत्र्याचं छप्पर, ओळीनं खोल्या, मागच्या अंगणात सगळ्यांत मिळून एक चूल. सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात त्या चुलीपुढं बसून तानूबाई गावाहून आणलेल्या बाजरीच्या पिठाची भाकरी थापत होती, आणि अतियेनो दाराला टेकून डोळे मोठे करून बघत होती. हिंदुस्थानात भाकरी अशी मारून मारूनच करतात, असं तिला वाटलं असणार.

रागाचं कारण उसापलीकडं राहत होतं. लेक रोहिणी आणि जावई शंभूराज. शंभूराज तिथल्या साखर कारखान्यात केमिस्ट, कारखान्याच्या कॉलनीत घर. त्यातली एक खोली रोहिणीनं आईबापांसाठी झाडूनपुसून, खिडकीला नवा पडदा शिवून तयार ठेवली होती. आणि आईबाप उतरले कुठं? तर परक्या बाईच्या खाटेवर. समुद्र ओलांडून लेकीला भेटायला आले आणि लेकीच्या घराच्या अलीकडंच बिऱ्हाड मांडून बसले.

म्हस्कूनं, तिच्या नवऱ्यानं, न्यायला आलेल्या जावयाला विमानतळावरच सांगून टाकलं होतं. "लेकीला मूल झाल्याबिगर तिच्या घरचं पाणी प्यायचं न्हाय, आन् पाठ बी टेकायची न्हाय. बापजाद्यांनी पाळलं, आमी बी पाळणार. आमची सोय बाहीर कुठं तरी बघा." शंभूराज भिडस्त माणूस. त्यानं मान खाली घातली आणि सोय बघितली. रोहिणीनं आईच्या हातातली पिशवी घेतली होती, ती परत आईच्या हातात दिली.

रीत तानूबाईला नवी नव्हती. म्हस्कूचं घर मेंढरांमागं फिरत होतं, तेव्हा तिचा बाप तिला भेटायला यायचा. पालाबाहेर बाभळीखाली बसायचा, स्वतःच्या तांब्यातलं पाणी प्यायचा, आणि उन्हं कलली की उठायचा. थोरला मल्हार झाला त्या साली बापानं पहिल्यांदा तिच्या हातचं घोटभर पाणी घेतलं, आणि तिला आभाळ ठेंगणं झालं. पण तिचं लग्नानंतर वर्षा-दीड वर्षात निभावलं होतं. रोहिणीच्या लग्नाला सहावं वर्ष सरत होतं. ज्या रीतीनं आईला मान दिला, तीच लेकीला रोज थोबाडीत मारत होती.

"जावयाच्या पैशानं इमानात बसला, तवा रीत कुठं गेलती?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"रीत खाण्यापिण्याची हाय, बसण्याची न्हाय," म्हस्कू म्हणाला.

"इमानात बी जेवलाच की दोनदा!"

"ते इमानवाल्यांचं हुतं."

अशा माणसापुढं काय डोकं आपटायचं? गाढवापुढं वाचली गीता, असं म्हणायची सोय नव्हती, कारण गाढव निदान गप्प तरी बसतं. म्हस्कूकडं प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. आणि या असल्या माणसाला अतियेनोच्या चुलीचा मात्र विटाळ नव्हता. ती मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा करायची, सोबत हिरवी भाजी, कधी तळ्यातले बारीक मासे. म्हस्कू पाटावर बसल्यासारखा ऐसपैस बसून ते हाणायचा. संध्याकाळी रस्त्याकडेला चरणारी मेंढरं बघायला जायचा. तिथली मेंढरं जाड शेपटीची, शेपटीत चरबी साठवणारी. त्यांची शेपटी हातात घेऊन तो तिथल्या गुराख्याशी खाणाखुणांनी तासभर बोलत बसायचा. मेंढरं विकून उसाला लागल्याला त्याला वीस वर्षं झाली, पण मेंढरू दिसलं की गडी हरखायचा. परक्या मुलखातल्या मेंढरांचा लळा लागला, परक्या बाईच्या हातचं गोड लागलं. फक्त पोटच्या पोरीच्या हातचं पाणी तेवढं चालत नव्हतं.

तानूबाई रोज सकाळी फिरकीचा तांब्या भरून लेकीकडं निघायची. तिथं पोचेपर्यंत ऊन तापायचं आणि घसा कोरडा पडायचा. रोहिणी दार उघडायची, आत जायची आणि फुलपात्र भरून आईसमोर ठेवायची. तानूबाई त्या फुलपात्राकडं बघायची आणि आपल्या तांब्याची फिरकी सोडायची. दोघी उसाचं, पावण्यांचं, मल्हारच्या पोरांचं बोलायच्या. निघायच्या वेळी रोहिणी ते भरलेलं फुलपात्र उचलायची, पायरीजवळच्या मिरचीच्या झाडाला ओतायची. रोज तसंच. ते झाड मिरच्यांनी लगडलं होतं.

एकदा तानूबाई म्हणाली, "रोहे, का ठेवतीस रोज?"

"तू का येतीस रोज?" रोहिणीनं विचारलं.

कॉलनीत बभ्रा व्हायला वेळ लागला नाही. म्हस्कू काही लपवणारा गडी नव्हताच. कुणी विचारलं, की आबा घरी का राहत नाहीत, की तो छाती काढून रीत समजावून सांगायचा. शेजारच्या गुजराथी बाईला मोडक्या हिंदीत सांगितली, दुकानदाराला सांगितली, आणि कारखान्यात फिटर असलेल्या कुंडलिकला तर चारदा सांगितली. कुंडलिक वडगाव निंबाळकरचा, म्हणजे घरचाच माणूस. रीत समजली की ऐकणारा आपोआप रोहिणीच्या पोटाकडं बघायचा. ते बघणं म्हस्कूला दिसत नव्हतं. तानूबाईला दिसत होतं, आणि ती भाकरी थापत होती.

अतियेनोनं कधीकाळी एका गुजराथी दुकानदाराच्या घरी स्वयंपाक केला होता, त्यामुळं तिला मोडकीतोडकी हिंदी यायची. तानूबाईची हिंदीही बारामतीच्या बाजारात भाव करण्यापुरतीच. दोन मोडक्या हिंद्यांचं बरं जमायचं. त्या दिवशी भाकरी तव्यावर टाकताना अतियेनोनं विचारलं, "बेटी उधर, तुम इधर. क्यों?"

तानूबाई सांगायला गेली. सणसरमध्ये जी गोष्ट कुणाला सांगावी लागत नाही, ती हिंदीत सांगायला गेल्यावर तिची तिलाच येड्यासारखी वाटली. बेटी का पानी नहीं पीनेका. क्यों नहीं पीनेका? बच्चा होने तक नहीं पीनेका.

अतियेनोनं चुलीत एक लाकूड सारलं. मग हळू आवाजात विचारलं, "बेटीको बच्चा नहीं हुआ?"

"नहीं," तानूबाई म्हणाली.

म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. ती करपली. अतियेनोनंच पुढं होऊन ती उलटली. तानूबाई चुलीपुढून उठली आणि खोलीत जाऊन खाटेवर बसली. नाही कसं झालं? दोन वर्षांपूर्वी रोहिणी बाळंतपणाला माहेरी आली होती. बारामतीच्या दवाखान्यात मुलगी झाली. एवढीशी, पण केस कपाळावर आलेले, हनुवटीला खळी. तानूबाईनं तिला दोनदा तेल लावून न्हाऊ घातलं होतं. पाचवीच्या आदल्या दिवशी पहाटे ती गेली. का गेली ते डॉक्टरनं इंग्रजीत सांगितलं, आणि शंभूराज तेव्हा इकडं आफ्रिकेत होता.

म्हस्कूनं नातीचं तोंडही बघितलं नव्हतं. नातवंडाचं तोंड रिकाम्या हातानं बघायचं नाही, म्हणून त्यानं बारामतीत सोनाराकडं चांदीचे वाळे करायला टाकले होते, पाचवीला मिळणार होते. तोवर तो दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून राहिला. त्याच्या हातात दिली ती गुंडाळलेलीच. त्यानं आपल्या घोंगडीचा कोपरा विळ्यानं कापून तिच्यावर घातला, एकटा रानात गेला आणि बांधाकडेला बोरीखाली तिला ठेवून आला. आल्यावर हातपाय धुतले आणि सगळ्यांना बजावलं, "पाचवी झाली न्हाय, सटवाईनं कपाळ लिव्हलं न्हाय. ते मूल धरायचं न्हाय. ह्या घरात त्याचं नाव काढायचं न्हाय." काढायला नाव होतंच कुठं? पण कुणी काढलं नाही. तानूबाईनंही नाही. आज तर तिनं परक्या देशात, परक्या बाईपुढं, आपल्या तोंडानं सांगितलं, की नाही झालं.

समोर खुंटीला म्हस्कूची घोंगडी टांगलेली होती. कोपरा कापलेली. ती त्यानं आफ्रिकेत कशाला आणली होती कुणास ठाऊक, इथं थंडीचा पत्ता नव्हता. तानूबाईला नवऱ्याचा राग आला, सटवाईचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या जिभेचा आला.

रविवारी शंभूराजनं मटणाचा बेत केला. कुंडलिक, त्याची बायको, शेजारची गुजराथी बाई आणि तिचा नवरा, असे सगळे आले. ती दोघं आपली भाजी-पुरी घेऊन आली होती. म्हस्कूही आला, पण फडक्यात बांधलेली भाकरी, वर कांदा-चटणी आणि काखेला तांब्या घेऊन. व्हरांड्यात, उंबऱ्याच्या बाहेर, भिंतीला टेकून बसला. घरात मटण शिजतंय, लेक वाढतीय, आणि बाप दाराबाहेर शिदोरी सोडून बसलाय. सुतकात आल्यासारखा.

कुंडलिकला राहवलं नाही. तो मनाचा वाईट नव्हता, फक्त तोंडाला कुलूप नव्हतं. "आबा, अवो वास तरी घ्या की मटणाचा! का वासाला बी रीत हाय?"

सगळे हसले. म्हस्कूही हसला. भाकरीचा तुकडा मोडत, सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "कुंडलिकराव, हिला एक पोर होऊ द्या. मग बघा, ह्याच घरात बसून टोपभर मटण खातो. पर आदी कूस उजवू दे. तवर ह्या घरचं पाणी बी मला..."

रोहिणीच्या हातात वाढायचं पातेलं होतं. तिनं ते खाली ठेवलं आणि ती आत गेली. गुजराथी बाईला मराठी कळत नव्हती, पण तीसुद्धा ताटात बघायला लागली. शंभूराजनं मान खाली घालून भाकरी कुस्करली. त्या क्षणी तानूबाईला जावयाचाही राग आला. भिडस्तपणाला काही सुमार असतो.

ती उठली. तिच्यापुढं रोजच्यासारखं फुलपात्र ठेवलेलं होतं, काठोकाठ भरलेलं. तिनं ते उचललं, उंबऱ्यात आली आणि नवऱ्यापुढं उभी राहिली.

"तानू," म्हस्कू म्हणाला. "खाली ठेव."

तिनं फुलपात्र तोंडाला लावलं आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. घोटभर नाही, सगळं. थोडं हनुवटीवरून लुगड्यावर सांडलं, तेही पुसलं नाही.

"रीत मोडलीस," म्हस्कू म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता.

"मी न्हाय मोडली. रीत म्हणती मूल होऊ द्या. झालंय." तानूबाईचा आवाज चढला, तिचा आवाज एवढा चढलेला रोहिणीनंसुद्धा जन्मात ऐकला नव्हता. "माझ्या लेकीला लेक झालीया. मी तिला ह्या हातानं न्हाऊ घातलंय. तिच्या हनुवटीला खळी हुती. पाचवी झाली न्हाय म्हून ती झालीच न्हाय व्हय? मग मी काय दगडाला तेल लावत हुते? सटवाईनं लिव्हलं न्हाय, तर न्हाय लिव्हलं, तिचं ती बघंल. म्या बघितलंय."

"सगळ्यांम्होरं नगं," म्हस्कू पुटपुटला.

"सगळ्यांम्होरं तुमीच काढलं! कूस उजवू दे म्हणं! एकदा उजवलीया ती. तुमी तिला बांधाला पुरून आला. मी अजून पुरली न्हाय, आन् हिनं बी न्हाय. आईच्या तोंडावर रोज सांगता, तुला मूल झालं न्हाय. लाज कशी वाटत न्हाय तुमाला?"

म्हस्कूनं अर्धी भाकरी फडक्यात बांधली, तांब्या उचलला आणि उसाच्या कडेनं चालू लागला. कुंडलिक त्याच्या मागं जायला उठला, तर त्याच्या बायकोनं त्याचा सदरा धरून खाली बसवलं. तेवढं एक काम त्या दिवशी कुणीतरी शहाण्यासारखं केलं.

तानूबाई आत गेली. रोहिणी ओट्याला पाठ लावून उभी होती. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण तोंड रागानं लाल झालेलं. "दोन वरसं लागली तुला," ती म्हणाली.

"लागली," तानूबाई म्हणाली. "वाढ आता. भूक लागलीया मला."

त्या रात्री ती पडदा शिवलेल्या खोलीत झोपली.

सकाळी आपली पिशवी आणायला ती गेस्टहाऊसवर गेली. अतियेनो अंगणात झाडत होती. झाडू थांबवून तिनं खोलीकडं बोट केलं आणि मान हलवली. "बाबा खाना नहीं खाया. पानी भी नहीं."

म्हस्कू खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसला होता, मांडीवर घोंगडी. तानूबाईनं आपलं लुगडं, पिठाची पिशवी, कंगवा गोळा केला. तिचा राग अजून उतरला नव्हता, आणि तिला तो उतरवायचाही नव्हता. इतकी वर्षं भाकरीवर घालवला, आता थोडा माणसावर जाऊ दे.

ती दारापर्यंत गेली तेव्हा म्हस्कू बोलला. मान वळवली नाही. त्याची बोटं घोंगडीच्या कापलेल्या कडेवरून फिरत होती.

"खळी हुती म्हणलीस?"

तानूबाई थांबली.

"मी बघितलंच न्हाय," तो म्हणाला. "वाळे मिळाले नव्हते ना. आन् मग वाटंत फडकं बाजूला करायला हात धजला न्हाय. बघितलं असतं तर... मग ती झाली न्हाय असं मला म्हणताच आलं नसतं." त्यानं घसा खाकरला. "कुणाच्या तोंडावळ्याची हुती गं?"

तानूबाईच्या ओठांवर उत्तर आलं होतं. तुमच्याच, असं उत्तर होतं. कपाळ तेच, भुवया त्याच. पण तिनं ते गिळलं. दोन वर्षं ज्या रोहिणीचं तोंड बांधून ठेवलं, तिच्या आधी हे आपण सांगायचं नाही, एवढं तिला कळत होतं.

"ते मला इचारू नका," ती म्हणाली. "जिला झाली तिला इचारा. दारात उभं राहून न्हाय. घरात बसून, पाणी पिऊन इचारा."

आणि ती चालू लागली. अतियेनोनं फाटकापर्यंत येऊन तिच्या हातात काहीतरी कोंबलं, दोन उकडलेली मक्याची कणसं. उसाच्या कडेनं जाताना तानूबाईनं त्यातलं एक खाल्लं. कणीस जरा निबर होतं.

रोहिणी पायरीवर उभी होती. आईच्या मागं रस्त्यावर लांबपर्यंत तिनं बघितलं. रस्ता मोकळा होता.

"आबा?" तिनं विचारलं.

"सांगून आलीया." तानूबाईनं पिशवी थेट आतल्या खोलीत नेऊन ठेवली आणि बाहेर येऊन पायरीवर बसली. "दोन फुलपात्रं भर. एक मला दे. एक ठेव त्याच्यासाठी."

"आन् न्हाय आले तर?"

"न्हाय आला तर मिरचीला घाल," तानूबाई म्हणाली. "पर उद्या परत भर."